जर्मनीत हॉकी खेळायला जाताय? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरापोरींसाठी आधीच सांगून ठेवतो

लेले ग्राउंडवर सकाळी गेलो की आता महिन्यातून एखादा तरी पोरगा स्टिक खांद्यावर टाकून जवळ येतो आणि विचारतो, दादा मलापण बाहेर खेळायला जायचंय, कसं करायचं सांगा की. परवा एक काका आले होते, खानापूरकडचे, मुलगी राज्य पातळीवर खेळलेली, हातात कुठल्यातरी क्लबचा ईमेल प्रिंट काढून घेतलेला, आणि विचारत होते की हे खरं आहे का, पोरीला पाठवू का. तिथंच बाकावर बसून तासभर बोललो. तेव्हाच ठरवलं की एकदा सगळं लिहूनच काढतो.

मी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीला गेलो, एका मध्यम गावातल्या क्लबात ११ महिने होतो, खेळलो, लहान पोरांना शिकवलं, आणि २०२३ मध्ये परत आलो. जाऊन आलो याचा पश्चात्ताप नाही, पण पहिले चार महिने फार वाईट गेले आणि त्यातला बराचसा त्रास एकाच कारणानं झाला. क्लबनं एक शब्द वापरला आणि मी त्याचा आपल्याकडचा अर्थ लावला. 'राहण्याची सोय', 'पहिली टीम', 'कोच', 'पॉकेट मनी', हे चार शब्द. त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते मुख्यतः काय विचारायचं आणि कधी विचारायचं याबद्दल आहे.

१. आधी लीग म्हणजे काय ते नीट समजून घ्या

आपल्या डोक्यात लीग म्हटलं की हॉकी इंडिया लीगचा लिलाव येतो. २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले, त्याच्या आधी २०१६ च्या सीझनला जर्मनीच्या मोरित्झ फुर्स्टेला कलिंगा लान्सर्सनं १,०५,००० डॉलरला घेतलं होतं, हे आकडे आपल्या सगळ्यांना पाठ असतात. मग वाटतं की जर्मन माणूस इकडे येऊन एवढं घेतो तर जर्मनीत किती मिळत असेल. तिथंच पहिली चूक होते. तो पैसा पाच आठवड्यांच्या लीगचा आणि जगातल्या निवडक खेळाडूंचा आहे.

जर्मनीत सीझन सप्टेंबरला सुरू होतो, नोव्हेंबरपर्यंत बाहेर मैदानावर, डिसेंबर ते फेब्रुवारी हॉलमध्ये इनडोअर, आणि वसंतात परत मैदानावर. मॅच शनिवार रविवारी. वरून खाली अशी उतरंड आहे: पहिली बुंडेसलिगा, दुसरी बुंडेसलिगा, रेगिओनाललिगा, ओबरलिगा, आणि त्याखाली अजून. बुंडेसलिगात खेळणारेसुद्धा बरेच जण कॉलेज करतात नाहीतर नोकरी करतात.

२९ जानेवारी २०२३ चा दिवस सांगतो. भुवनेश्वरला वर्ल्ड कपची फायनल, जर्मनी विरुद्ध बेल्जियम, जर्मनीत तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले. आम्ही सगळे क्लबहाऊसमध्ये टीव्हीसमोर. जर्मनी दोन गोल मागे पडली तरी मॅच ३-३ सुटली आणि शूटआउटमध्ये ते ५-४ नं जिंकले. लोक टेबलावर चढले होते. मी तिथला एकटाच भारतीय, सगळे मला विचारत होते भुवनेश्वर तुझ्या घरापासून किती लांब, आणि मी सांगत होतो की बाबांनो मीपण ते स्टेडियम टीव्हीवरच बघितलंय. मंगळवारी प्रॅक्टिसला गेलो तर आमच्या पहिल्या टीमचा कॅप्टन नेहमीसारखा बँकेतनं सुटून टाय काढत काढतच हॉलमध्ये आला. जगज्जेता देश, पण आमच्यासारख्या क्लबात खेळून घर चालवणारा माणूस मला एकही भेटला नाही.

आणि तिथला क्लब म्हणजे कंपनी नव्हे. त्याला ते फेराइन म्हणतात, आपल्याकडच्या तालीम मंडळासारखं समजा. सभासद वर्गणी भरतात, मॅचच्या दिवशी आया केक करून आणतात आणि विकतात, खजिनदार स्वतःची नोकरी सांभाळून हिशेब बघतो. म्हणून तुमच्या ईमेलला आठवडाभर उत्तर आलं नाही तर फसवलं असं समजू नका, तो माणूस कामावर असतो.

२. कुठल्या रस्त्यानं जाणार ते ठरवा

व्हिसा बघूनच पुढचं सगळं ठरतं, तेव्हा हे घाईत वाचू नका.

पहिला रस्ता, खेळाडू म्हणून. जर्मनीत व्यावसायिक खेळाडूचा परवाना मिळायला फेडरेशनचा होकार लागतो आणि सरकारी पेन्शन विम्यासाठी जो कमाल पगार धरतात त्याच्या निम्मा तरी पगार लागतो. २०२५ च्या आकड्यानं तो महिन्याला ४,०२५ युरो होतो. हॉकीतल्या बहुतेक क्लबांना हे परवडणारं नाही. म्हणून कोण तुम्हाला 'प्लेयर व्हिसा देतो' म्हणाला तर आधी पगाराचा आकडा कागदावर मागा.

दुसरा, एक वर्षाची स्वयंसेवा. याला एफएसजे म्हणतात, २७ वर्षांच्या आतल्यांसाठी. तुम्ही क्लबात पूर्णवेळ काम करता, म्हणजे मुलांना शिकवणं, शाळेत जाऊन हॉकी दाखवणं, मैदान आवरणं, आणि बदल्यात पॉकेट मनी, आरोग्य विमा आणि कधी राहायला जागा मिळते. मी असाच गेलो. पॉकेट मनीला सरकारी मर्यादा असते, २०२५ मध्ये ती महिन्याला ६४४ युरो होती, पण ती वरची मर्यादा, देतात त्यापेक्षा बरंच कमी. मला ३८० मिळायचे.

तिसरा, शिकायला जाणं आणि फावल्या वेळात खेळणं. त्याला एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं जर्मन तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, आणि बँकेत अडकवून ठेवायला, २०२५ च्या आकड्यानं, वर्षाचे ११,९०४ युरो. घरची परिस्थिती असेल आणि शिक्षण खरोखर करायचं असेल तर हा सगळ्यात पक्का रस्ता, पण नुसत्या हॉकीसाठी हा धरू नका.

इंग्लंडबद्दल एक सांगतो कारण तिकडची चौकशी फार होते. भारतीय तरुणांसाठी त्यांची दोन वर्षांची यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे, वर्षाला ३,००० जागा, चिठ्ठ्या टाकून निवड होते. त्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून काम करायला मनाई आहे. एजंट हे सांगत नाहीत.

३. क्लब शोधताना

स्वतःच शोधा. क्लबच्या वेबसाईटवर एफएसजेची जाहिरात असते, वसंतात पुढच्या सीझनच्या जागा निघतात. एक पानाचा बायोडेटा आणि दोन तीन मिनिटांचा व्हिडिओ पुरतो, व्हिडिओत नुसते गोल नकोत, बॉल हरवल्यावर तुम्ही काय करता तेपण दिसू दे, तिथले कोच तेच बघतात.

मी एका मध्यस्थाला सव्वा लाख दिले. त्यानं केलं काय, तर क्लबला एक ईमेल लिहिला. पुढे क्लबच्या सेक्रेटरीनं मला सांगितलं की तू सरळ लिहिलं असतंस तरी आम्ही घेतलंच असतं. आबांनी त्या पैशासाठी सोसायटीतनं कर्ज काढलेलं. त्यामुळं हे जरा जोरात सांगतो: जागा देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

४. होय म्हणायच्या आधी हे लेखी विचारा

फोनवर बोला हवं तर, पण नंतर त्याच दिवशी ईमेल टाका की आपलं असं असं बोलणं झालं, बरोबर आहे ना. जर्मन माणसाला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. आपल्याला लाज वाटते, एवढं विचारलं तर नको म्हणतील असं वाटतं, मलाही वाटलं होतं आणि तीच भीड मला महागात पडली.

*टीमबद्दल.* मला सांगितलेलं, 'तू पहिल्या टीमबरोबर ट्रेनिंग करशील'. मी घरी, मित्रांना, ग्राउंडवर सगळ्यांना सांगितलं की पहिल्या टीमकडनं खेळणार. ट्रेनिंग करणं आणि मॅचच्या यादीत नाव येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सप्टेंबर ऑक्टोबर पहिल्या टीमबरोबर ट्रेनिंग केलं आणि खेळायची परवानगी आल्यावर शनिवारी दुसऱ्या, कधी तिसऱ्या टीमकडनं खेळलो. तिसऱ्या टीममध्ये माझ्या बाजूला ५२ वर्षांचे दातांचे डॉक्टर हाफला खेळायचे. चांगले होते ते, पण मी त्यासाठी गेलो नव्हतो. विचारा: मी कुठल्या टीमच्या यादीत असेन, ती टीम कुठल्या लिगात आहे, माझ्या जागेवर अजून किती जण आहेत, मॅचची निवड कोण करतं.

*ट्रेनिंगबद्दल.* आपल्याकडे स्पोर्ट्स हॉस्टेलची पोरं सकाळ संध्याकाळ दोन वेळा मैदानात असतात. तिथे आठवड्यात दोन, फार तर तीन संध्याकाळी. बाकीचं जिम आणि धावणं स्वतःचं स्वतः. फिटनेस कमी होतो की काय म्हणून मी घाबरलो होतो. जवळ जिम आहे का, मैदान सकाळी एकट्याला वापरता येईल का, हे विचारून घ्या.

*कामाबद्दल.* 'कोच' म्हटल्यावर मी अंडर-१६ ची टीम डोळ्यासमोर आणली. मिळाली पाच ते आठ वर्षांची बारकी पोरं, चार अंश थंडीत, नाकं वाहतायत, एकाची बुटाची लेस सुटलीय, एकीला आईकडे जायचंय, आणि मला जर्मन येतं फक्त 'चला' आणि 'हळू'. एक सात वर्षांची मुलगी होती, मी चुकीचं बोललो की खेळ थांबवून मला बरोबर शब्द तीनदा म्हणायला लावायची. डिसेंबरपर्यंत तिच्यामुळंच मला बोलता यायला लागलं. आठवड्याचे तास किती, त्यात शिकवणं किती आणि ऑफिस, साफसफाई, मैदानाचं काम किती, शनिवारच्या मॅचमुळं सुट्टी कधी, हे लिहून घ्या. वर्षात २५ दिवस सेमिनार असतात, ते कामातच धरतात, त्यातनं बऱ्याचदा ट्रेनरचं सी लायसन्स, म्हणजे कोचचं पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट मिळतं, ते सोडू नका.

*राहण्याबद्दल.* मला 'क्लबच्या जागेत खोली' असं सांगितलं होतं. ती क्लबहाऊसच्या माळ्यावर, चेंजिंग रूमच्या बरोबर वर होती. उतरतं छप्पर, सरळ उभं राहायला मधला एक पट्टाच, स्वयंपाकघर खाली क्लबच्या कॅन्टीनचं आणि ते सोमवारी बंद. शुक्रवारी रात्री खाली पार्टी असली की एक वाजेपर्यंत झोप नाही. आई फोनवर रोज विचारायची, "जेवलास काय गा? गरम काय खाल्लास?" आणि मी खोटं सांगायचो. विचारा: खोली एकट्याची की दोघांत, स्वयंपाक करता येतो का, हीटर आहे का, भाडं कोण भरतं, फोटो पाठवाल का. भाडं तुम्ही भरणार असाल तर 'काल्ट' की 'वार्म' ते बघा, काल्ट म्हणजे हीटर, पाणी वगैरे सोडून, त्यावर अजून पैसे लागतात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढंच घेता येतं, असा कायदाच आहे.

कुटुंबात राहायला मिळत असेल तर डोळे झाकून होय म्हणा. फेब्रुवारीत मला एका खेळाडूच्या घरी खोली मिळाली आणि तिथनं पुढं सगळं बदललं. रात्री ब्रेड, चीज, काकडी असं थंड जेवण असतं, त्याची सवय करावी लागते, पण बोलायला माणसं असतात.

*पैशाबद्दल.* किती, महिन्याच्या कुठल्या तारखेला, हातात किती येणार, बस-रेल्वेचा पास देणार का. जर्मनीभर चालणारं तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोत सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, ३८० मधनं तेवढे गेले की फरक पडतो. मला पहिला पॉकेट मनी बँक खातं व्हायला उशीर झाल्यामुळं नोव्हेंबरात मिळाला. म्हणून निघताना निदान दोन महिन्यांचा खर्च स्वतःजवळ ठेवा, मी म्हणेन ८०० ते १,००० युरो.

५. कागदपत्रं, आणि आपल्या भागातला नावाचा घोळ

लागतात ते असे:

- पासपोर्ट
- क्लबचा आणि एफएसजे चालवणाऱ्या संस्थेचा सही केलेला करार
- एसएसएलसी (दहावी), पीयूसी (बारावी), डिग्रीची मार्क्स कार्ड
- जन्मदाखला
- जर्मन भाषेचं सर्टिफिकेट असेल तर, निदान ए-१ म्हणजे पहिल्या पातळीचं, त्याच्या वरचं ए-२ असलं तर फारच बरं
- आरोग्य विमा, पहिल्या दिवसापासूनचा
- राहण्याच्या जागेचं पत्र
- हॉकी इंडियाचा आयडी आणि एनओसी
- राज्य, युनिव्हर्सिटीच्या खेळाची सर्टिफिकेटं
- स्वतः लिहिलेलं पत्र, का जायचंय ते

आता घोळ. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या जन्मदाखल्यावर बेलगाम आहे आणि पासपोर्टवर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं. त्याचा फार त्रास होत नाही, दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं की भागतं. खरा त्रास माणसाच्या नावाचा. घरी आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. एसएसएलसीच्या कार्डावर आडनाव आधी आणि पुढे नुसती इनिशियल. आधारवर तिसरंच. माझ्या तीन कागदांवर तीन नावं होती. आधी हे सगळं पासपोर्टप्रमाणे एक करून घ्या, बोर्डातनं दुरुस्ती व्हायला महिने जातात. जन्मदाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर इंग्रजीसकटची प्रत काढून घ्या, कन्नडवरनं जर्मन भाषांतर करणारा शोधत बसू नका.

व्हिसा आपल्याला बेंगळुरूमधनं, फी ७५ युरो. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली की सकाळी तिथे. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, निघायच्या चार-पाच महिने आधी सुरू करा.

एनओसी तर त्याच्याही आधी. जिल्हा असोसिएशन, मग हॉकी कर्नाटक, मग हॉकी इंडिया असं वर जातं, आणि एका देशातनं दुसऱ्या देशात ट्रान्सफर झाल्याशिवाय तिकडे अधिकृत मॅच खेळता येत नाही. मी जिल्ह्याचं पत्र घ्यायलाच ऑगस्ट उजाडवला आणि पहिल्या चार मॅच बाकाच्या मागे उभं राहून बघितल्या. पुढे पहिल्या टीममध्ये जागा न मिळण्याचं अर्धं कारण तेच होतं असं मला आजही वाटतं, त्या चार आठवड्यांत टीम बसून गेली होती.

६. खेळाची तयारी इथंच करा

बेळगावला हॉकीचं नाव मोठं आहे, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला सोनं जिंकलेल्या टीममध्ये आपले बंडू पाटील होते. पण आम्ही बहुतेक मातीवर वाढलो. मातीवर बॉल उडतो म्हणून आपण तो थांबवून, बघून, मग पुढे जातो. तिथे टर्फच्या, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर पाणी मारलेलं असतं, बॉल सरपटत येतो आणि तुम्ही थांबवून वर बघेपर्यंत दोन जण अंगावर आलेले असतात. जायच्या आधी निदान दोन आठवडे बेंगळुरूच्या शांतीनगरला नाहीतर पिंपरीच्या नेहरूनगरला, कुणाची ओळख काढून, टर्फवर खेळा. बॉल येताना मान वळवून मागे बघायची सवय लावा. माझा तिथला कोच पहिल्या महिन्यात मला एकच शब्द सांगायचा, आधी बघ.

आणि इनडोअर. याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. डिसेंबरात मैदान बंद, सगळे हॉलमध्ये. पाच खेळाडू आणि गोलकीपर, दोन्ही बाजूला लाकडाची बुटकी पट्टी, तिच्यावर आपटून पास करायचा. हिट मारायचा नाही, फक्त पुश. गोलवर मारताना सोडून बॉल वर उचलायचा नाही. पहिल्या दिवशी सवयीनं मी मागे स्टिक उचलून फाडकन मारला, शिट्टी वाजली, सगळे थांबले. तिथली पोरं सहा वर्षांची असल्यापासून हे खेळतात. पण एक सांगतो, आपल्या मातीतला ड्रिबल इथं उपयोगी पडतो, कमी जागेत बॉल स्टिकला चिकटून ठेवायची आपल्याला सवय असते. जानेवारीत कोचला माझं ते दिसलं आणि मार्चमध्ये मैदान उघडल्यावर मला पहिल्या टीमच्या यादीत घेतलं. तेव्हा घरी एखाद्या हॉलमध्ये, शाळेच्या व्हरांड्यात का होईना, लाकडी बाक आडवा टाकून पुश आणि रिबाउंडची प्रॅक्टिस करून जा.

७. सामान

दोन स्टिक इथनं न्या, तिथे महाग पडतात, इनडोअरची वेगळी हलकी असते ती तिथे जुनी मिळते. स्टिक विमानात हातात नेता येत नाही, चेक-इनमध्येच, बॅगची लांबी आधी एअरलाईनला विचारा. टर्फचे बूट, हॉलसाठी वेगळे पांढऱ्या सोलचे बूट, काळ्या सोलच्या बुटांनी लाकडी फ्लोअरवर डाग पडतात आणि आत सोडत नाहीत. दातांचं गार्ड. थंडीचे कपडे इथे घेऊ नका.

खाण्याचं सांगतो. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. मी क्लबच्या लोकांसाठी म्हणून दोन किलो कुंदा, आपली दुधाची मिठाई, नेला होता, आईनं डब्याला वरनं कापड बांधलेलं, तो विमानतळावर काढून घेतला. शेंगदाण्याची चटणी, मसाला, पोहे मात्र आत नेऊ दिले.

८. पोचल्यावर पहिले पंधरा दिवस

पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे गावच्या ऑफिसात पत्ता नोंदवणं, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो, तो पहिल्याच दिवशी मागा. त्या नोंदीवरच बँक खातं, टॅक्स नंबर, पुढचं परदेशी कार्यालयाचं, म्हणजे बाहेरच्या देशातल्या लोकांना राहायचा परवाना देणाऱ्या सरकारी ऑफिसचं काम सगळं अवलंबून.

मग एक पत्र येईल टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. ते खोटं नाही आणि टीव्ही नसला तरी लागू होतं, फेकून दिलं तर दंड वाढत जातो. पण ते घराला एकच असतं, माणशी नाही. तुम्ही राहता त्या घरात कुणी आधीच भरत असेल तर त्याचा नंबर कळवला की झालं.

बाटल्या टाकू नका, प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट परत मिळतात, शनिवारची मॅच झाल्यावर क्लबात ढीग पडलेला असतो.

९. सांगितलं एक आणि मिळालं दुसरं, असं झालं तर

माझं हे ऑक्टोबरच्या शेवटी झालं. मी रुसून बसलो, प्रॅक्टिसला उशिरा जायला लागलो, मला वाटलं कोचला कळेल. त्याला कळलं एवढंच की हा पोरगा उशिरा येतो. आपल्याकडे सर स्वतः बोलावून विचारतात, काय झालं रे म्हणून. तिथे कुणी विचारत नाही, बोलायचं असेल तर तुम्हीच बोलायचं, आणि सरळ बोललेलं कुणी मनाला लावून घेत नाही.

शेवटी मी ईमेल केला की मला वीस मिनिटं बोलायचंय. जुना ईमेल प्रिंट काढून नेला. कोचनं वाचला, म्हणाला मी लिहिलंय ते ट्रेनिंगबद्दल होतं, पण तुझा गैरसमज झाला हे मला दिसतंय. मग त्यानं तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या ज्या सुधारल्या तर यादीत घेईन. त्या कागदामुळं माझा हिवाळा निघाला. तुम्हीही तक्रार अशी मांडा: मला काय सांगितलं होतं, काय मिळालं, आणि आता काय करता येईल. मॅचनंतर लगेच, रागात, सगळ्यांसमोर नको.

खोली, तास, पैसे या बाबतीत क्लब ऐकत नसेल तर एफएसजे चालवणारी जी संस्था असते तिच्यात स्वयंसेवकांसाठी नेमलेला माणूस असतो, त्याला लिहा. तो क्लबचा नसतो. माझी खोली त्याच्यामुळंच बदलली, दोन आठवड्यांत. जागा दुसऱ्या क्लबात बदलून घेणंही होऊ शकतं, पण तुमचा परवाना त्या कामाशी बांधलेला असतो म्हणून परदेशी कार्यालयाला विचारल्याशिवाय काम सोडू नका. कुणी तुमचा पासपोर्ट 'सांभाळायला' मागितला तर देऊ नका, कारण काहीही सांगो.

आणि घरी खरं सांगा. मी चार महिने घरी सांगितलं की पहिल्या टीमकडनं खेळतोय. ते ओझं थंडीपेक्षा जड होतं. डिसेंबरात एकदा आबांना सगळं सांगितलं, ते एवढंच म्हणाले, "तिसऱ्या टीममधनं खेळलास म्हणून काय झालं, खेळालास नव्हे?" त्या रात्री मला झोप लागली. पालकांनाही माझी विनंती आहे, पोराला फोनवर पहिला प्रश्न गोल किती मारलास हा विचारू नका.

मुली जात असतील तर अजून एक. करार सही करायच्या आधी त्या क्लबात आधी राहून गेलेल्या एखाद्या परदेशी मुलीचा नंबर मागा आणि तिच्याशी दहा मिनिटं बोला. चांगला क्लब लगेच जोडून देतो.

१०. निघताना

पत्ता रद्द करणं, त्याला आबमेल्डुंग म्हणतात, जायच्या आठवडाभर आधी. टीव्हीची वर्गणी आपल्या नावावर असेल तर तीही तेव्हाच बंद. डिपॉझिटसाठी खोलीचे फोटो आल्या दिवशी काढलेले असतील तेच कामाला येतात. बँक खातं पैसे परत येईपर्यंत बंद करू नका. क्लबकडनं कामाचं लेखी प्रमाणपत्र घ्या, त्यात कुठल्या वयाच्या किती मुलांना शिकवलं ते असू दे, इथं शाळेत कोचची जागा मागताना मला त्याचाच उपयोग झाला.

आणि हॉकीची ट्रान्सफर उलट्या दिशेनं करायची असते हे बहुतेक जण विसरतात. परत आलात म्हणजे आपोआप इथले होत नाही. तो अर्ज तिथे असतानाच, क्लबच्या माणसाला शेजारी बसवून भरा, कारण तिकडे जुलै-ऑगस्ट सुट्टीचा, कुणी फोन उचलत नाही, आणि इकडे तेव्हाच टीमची नावं जायला लागतात.